बसायचं नाही, एवढीच अट

अब्बांना पुन्हा बोटीवर जायचं होतं. वय साठीला टेकलं, तरी कंपनीचा फोन आला की यांची छाती अजून फुगते. होय की नाही, ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. अम्मीने वाद घातला नाही. रत्नदुर्गाच्या दीपगृहापर्यंत पायवाटेने कुठेही न बसता चढून दाखवा आणि खुशाल जा, म्हणाली. पाण्याची बाटली घेऊन मी, त्यांची लेक, अम्मीबरोबर मागे.

पहिल्याच वळणावर अब्बांना धाप लागली. पण बसायला मनाई होती, उभं राहायला नव्हती. कमरेवर हात ठेवून ते थांबले आणि आम्हाला रत्नागिरी दाखवू लागले, जशा काही आम्ही दोघी आत्ताच एसटीतून उतरलो होतो. तो बघा बर्फाचा कारखाना, म्हणाले. तिथे लग्नाचा हॉल होऊन जमाना झाला, अम्मी म्हणाली.

पुढच्या वळणावर धाप मोठी, म्हणून माहितीही मोठी. मिरकरवाड्याच्या ट्रॉलरांपासून भाट्याच्या खाडीपर्यंत हात फिरला आणि त्यांच्या दोस्ताच्या घरावर थांबला. दोस्त ते घर विकून मुलाकडे पनवेलला गेला होता. हे मी फोनवर सांगितलं होतं, अम्मी म्हणाली, तेव्हा नेमकी तुमची लाइन तुटली असेल.

"आणि ती आपल्या मासूमाची शाळा," अब्बा म्हणाले.

त्या शाळेत मी कधी गेलेच नव्हते. मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं. ती माझी शाळा नव्हे, असं मी सांगितलं, तेव्हा अम्मीनेसुद्धा टोमणा मारला नाही.

त्यानंतर अब्बा दोनदा थांबले, पण काही दाखवलं नाही. वर पोचलो तेव्हा अम्मीचा चेहरा उतरला होता. तरी ती शब्दाची पक्की.

"जिंकलात," ती म्हणाली. "घरी गेल्यावर बॅग भरते."

अब्बा खाली गावाकडे बघत होते. तुझी शाळा नक्की कुठली, त्यांनी मला विचारलं. माडांमधून नुसतं छप्पर दिसत होतं, ते मी दाखवलं. बराच वेळ बघून त्यांनी खिशातून फोन काढला आणि कंपनीला लावला.

"या खेपेला नाय जमणार," ते म्हणाले. "आमची रत्नागिरी अजून बघून झाली नाय."

अम्मी होती तिथेच कातळावर मटकन बसली.

"कौसर, तू बसलीस," अब्बा म्हणाले. "हरलीस."

"हरले तर हरले," अम्मी म्हणाली, आणि ओढणीने डोळे पुसत, सरकून तिने त्यांना जागा करून दिली.