बाज्याला बॉल

बाज्याला कापसाच्या जिनाच्या हॉकी टीममध्ये आणला तो लोटननंच. दुसऱ्या कुणी आणला असता तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

लोटन कळसाडीचा. नंदुरबारच्या रूपचंदशेठच्या जिनात मशिनांना तेल घालायचं त्याचं काम, पण ते नावाला. खरं काम हॉकी खेळायचं. सन छत्तीस-सदतीसचे दिवस, आणि खानदेशातल्या जिनवाल्या शेठ लोकांना हॉकीचं भलतंच वेड लागलेलं. दिवाळीला कापूस आला, जिन सुरू झालं, की टीम उभी राहायची. होळीला जिन बंद पडलं, की टीमही मोडायची. लोटननं असे अकरा हंगाम काढले. शहादं, दोंडाईचा, अमळनेर, परत शहादं, आणि आता नंदुरबार. बोलावणं आलं की पिशवी उचलायची, नव्या शेठचा नवा शर्ट अंगात घालायचा आणि सेंटर फॉरवर्डला जाऊन उभं राहायचं. दोन दात दोंडाईच्याला पडले, गुडघा अमळनेरला गेला. उन्हाळा आला की परत कळसाडी, भावाचा ऊस आणि वहिनीचं बोलणं. "झाला का चेंडू बडवून?" ती दरवर्षी विचारायची, आणि दरवर्षी लोटन मान खाली घालून भाकरी खायचा.

बाज्या खापरच्या पलीकडचा, डोंगरातला भिल्ल. बावीस-तेवीसचा गडी, हमालीला आलेला. गेल्या हंगामात दुपारच्या सुट्टीत तो एका वाकड्या काठीनं खडे मारत बसला होता, आणि वीस पावलांवरचं तेलाचं डबडं एकदाही चुकत नव्हता. त्यांच्याकडं होळीला असाच खेळ खेळतात म्हणे. लोटननं बघितलं आणि हाताला धरून टीम सांभाळणाऱ्या मुकादमाकडं, रेवजीकडं नेलं. "ह्याला लेफ्ट आउटला घाल," म्हणाला. केलं ना स्वतःच्या हातानं!

पहिला हंगाम बरा गेला. लोटन बॉल द्यायचा, बाज्या गोल करायचा. लोटनचा बॉल असा जायचा की बाज्यानं नुसती काठी लावायची. पण लोकांना बॉल देणारा दिसतो होय? गोल झाला की "बाज्या! बाज्या!" असा एकच ओरडा. बाजारात भजीवाला पैसे घेईना तो बाज्याकडून. शेठनं नवे बूट दिले तेही बाज्याला, आणि तो पठ्ठ्या ते गळ्यात अडकवून अनवाणीच खेळायचा. लोटनचे बूट दोनदा शिवलेले. आणि घरी? बरोबर नंदुरबारला आलेली बायको, अनुसया! "बाज्याभाऊंना जेवायला आणा ना एकदा, एकटा जीव आहे बिचारा," असं म्हणाली, तेव्हा लोटन ताटावरून उठला. पोटात दुखत होतं त्याच्या, आणि ते भाकरीनं नव्हतं.

बरं, बाज्या माजलेला असता तरी चाललं असतं. पण नाही! गोल झाला की हा धावत यायचा ते थेट लोटनकडं. "भाऊ, तुन्हा बॉल व्हता," असं सगळ्यांदेखत म्हणायचा. त्या चांगुलपणानं तर लोटनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मोठेपणासुद्धा ह्यानंच घ्यायचा काय?

तशात माघ महिन्यात बातमी आली. दोंडाईच्याच्या टीमबरोबर नंदुरबारला मॅच, आणि ती बघायला भुसावळच्या रेल्वेच्या टीमचा साहेब येणार. खेळाडू निवडायला. रेल्वेची टीम म्हणजे बारा महिने हॉकी, पक्की नोकरी, राहायला क्वार्टर. होळीला मोडणारी टीम नव्हे ती. लोटनचं वय चौतीस. ही गाडी चुकली तर पुन्हा नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. साहेब एकालाच नेणार असं त्यानं धरलं, आणि तो एक बाज्या नसेल, एवढंच त्यानं ठरवलं. कसं? सोपं होतं. बाज्याला बॉल द्यायचाच नाही.

मॅचला अख्खं गाव लोटलं. साहेब गोरटेला, जाड भिवयांचा, खुर्चीत मांडीवर वही ठेवून बसलेला. मधोमध काठ्यांवर काठ्या आपटून बुली झाली, खेळ सुरू झाला, आणि लोटननं शब्द पाळला. बॉल आला की उजवीकडं. उजवीकडं कुणी नसलं तर मागं. मागंही कुणी नसलं तर स्वतःच घेऊन पळायचा आणि दोघातिघांत जाऊन अडकायचा. डावीकडं बाज्या काठी वर करून उभा. "भाऊ! भाऊ!" लोटन बहिरा झाला. मध्येच दोंडाईच्यानं एक गोल चढवला. हाफटाइम झाला तेव्हा बाज्याच्या काठीला तीनदासुद्धा बॉल लागला नव्हता, आणि लोटनला आत कुठंतरी थंडगार वाटत होतं.

लिंबाचं पाणी घेऊन रेवजी आला तोच कावलेला. लोटनचा दंड धरून त्याला बाभळीखाली घेऊन गेला.

"काय करी ऱ्हायना तू? डोकं फिरनं का तुन्हं?"

"काय केलं मी?"

"अरे गाढवा, मी सांगणार नव्हतो. दोघं गेले तर माझी टीम बसली. पण आता ऐक. बाज्याला साहेबानं महिन्यापूर्वीच निवडलाय, दोंडाईच्याच्या मैदानावर बघून, तू गुडघा धरून घरी बसला होतास तेव्हा. आज तो आलाय तुझ्यासाठी. बाज्यानंच सांगितलं त्याला, मला बॉल देणारा आमचा लोटनभाऊ आहे, त्याला घ्या, मग बघा मी काय करतो ते. साहेबाला जोडी पाहिजे. आता तरी दे त्याला बॉल, आणि जा दोघं भुसावळला!"

लोटनच्या हातातला पेला तसाच राहिला. अकरा वर्षं ज्या गोष्टीसाठी हाडं मोडून घेतली, ती समोर ठेवलेली. एक बॉल डावीकडं सरकवायचा, बस्स. अनुसया क्वार्टरच्या दारात उभी असलेली त्याला दिसलीसुद्धा. त्याला रडू यायला हवं होतं, देवाचे आभार मानायला हवे होते. पण मनात आलं ते भलतंच. बाज्याच्या शब्दानं? मी बाज्याच्या शिफारशीवर जायचं? ज्याला मी हमालीतून उचलला, त्याच्या शेपटाला धरून? जन्मभर लोक म्हणणार, हा बाज्याबरोबर आलेला. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

तरी पुन्हा मैदानात उतरताना त्यानं स्वतःला समजावलं. देऊ. एक तरी देऊ. खरंच ठरवलं होतं त्यानं.

आणि वेळ आली. शेवटची पाच-सात मिनिटं उरलेली. मधल्या रेघेवर लोटनला बॉल मिळाला, एकाला चकवला, दुसऱ्याला चकवला, गुडघा कळवळत होता तरी गोलसमोरच्या डीपर्यंत पोचला. डावीकडं बाज्या एकटा, मोकळा. समोर गोलकीपर आणि दोन दांडगे बॅक. आंधळ्यानंसुद्धा डावीकडं दिला असता. लोटननं बाज्याकडं पाहिलं. बाज्या हसत होता, त्याच्यावर विश्वास टाकून हसत होता. त्या हसण्यानं सगळा घात केला. लोटननं काठी उचलली आणि दोन्ही बॅकच्या मधून असा फटका हाणला की गोलकीपर हललासुद्धा नाही.

गोल! असा गोल त्यानं अकरा हंगामांत मारला नव्हता. मैदान नुसतं पेटलं. "लोटन! लोटन!" कधी नव्हे ते त्याचं नाव. पोरं आत घुसली, कुणी त्याला खांद्यावर घेतलं. एक-एकवर मॅच सुटली.

साहेब खुर्चीतून उठून आला. लोटन खाली उतरला. साहेबानं त्याच्याशी हात मिळवला.

"गोल अच्छा था," साहेब म्हणाला. "लेकिन गोल मारनेवाले मेरे पास सात हैं. मुझे देनेवाला चाहिए था."

तेवढ्यात बाज्या धापा टाकत मध्ये आला. बाज्याला हिंदी येत नव्हती, पण भुसावळच्या साहेबाला इकडची बोली कळायची, आणि झालं काय ते बाज्यालाही कळलं होतं.

"साहेब, ऊन व्हतं. भाऊना डोळावर ऊन व्हतं. मी त्याले दिसनूच नही."

साहेबानं मिटलेली वही पुन्हा उघडली. "सच?" त्यानं लोटनला विचारलं. पेन्सिल वर धरून थांबला तो. एक 'हो' म्हटलं की काम झालं होतं. रेवजी मागून खुणा करत होता, बाज्या डोळ्यांनी विनवत होता. पुन्हा तोच! पुन्हा बाज्याच देणार आणि लोटननं हात पसरायचा!

"खोटं बोलतोय तो, साहेब," लोटन शाळेतल्यासारखं स्वच्छ बोलला. "ऊन माझ्या पाठीवर होतं. बाज्या मला चांगला दिसत होता."

साहेबानं वही मिटली. उद्याच्या गाडीनं निघायचं, असं त्यानं बाज्याला सांगितलं. बाज्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो लोटनकडं बघत होता.

"का, भाऊ?" त्यानं विचारलं.

पाठ थोपटायला आलेल्या माणसांत लोटन शिरला, आणि गोल कसा मारला ते त्यांना सांगू लागला.