वाळूतला अबोला

नवरा-बायको एकाच प्रयोगशाळेत असले की भांडायला घरची कारणं कमी पडतात. आमचा अबोला वाळूवरून सुरू झाला.

काचेच्या चपट्या पेटीत गच्च वाळू, म्हणजे जमिनीच्या पोटाचा आमचा नमुना. तळाच्या एका नळीतून साखरपाणी, दुसरीतून जांभळं सांडपाणी. दोन्ही प्रवाह शेजारी-शेजारी वर चढतात आणि जिथे मिसळतात, तिथेच सूक्ष्मजीव जेवायला बसतात. साखर खाता खाता ते जांभळा रंग मोडून काढतात. सोमवारी साहेबांना वरून स्वच्छ पाणी बाहेर पडताना दिसलं तर आम्हा दोघांच्या नोकऱ्या पुढे चालू, नाहीतर घरी बसा.

मी म्हणत होते, प्रवाह वाढवू. त्याचं म्हणणं, मिसळायला वेळ द्यावा लागतो. तेवढ्यावर थांबला असता तर माणूस कसला? साहेबांसमोरच म्हणाला, हिला सगळ्याचीच घाई. झालं, मी तोंडाला कुलूप लावलं, आणि त्यानेही.

सकाळी जो आधी येईल त्याने साखरपाण्याच्या बाटलीत साखर घालायची आणि दुसऱ्याला सांगायचं, अशी आमची पद्धत. आता सांगणार कोण? मीही घालत राहिले, तोही. सूक्ष्मजीवांची चंगळ झाली. ते असे माजले की वाळूत मधोमध बुळबुळीत भिंतच उभी राहिली. इकडचं पाणी इकडे, तिकडचं तिकडे. घरी तरी आमचं काय वेगळं चाललं होतं म्हणा.

सोमवारी साहेब पेटीशी वाकले. पंप कण्हला, तुंबलेली नळी निसटली आणि साहेबांचा शर्ट जांभळा झाला.

त्यांनी चष्मा पुसला. "साखर कोणी जास्त घातली?"

"मी," आम्ही दोघंही म्हणालो.

साहेबही संसारी माणूस. जे समजायचं ते समजले. "आणि एकालाच ठेवायचं झालं तर?"

"हिला ठेवा," तो म्हणाला. "घाई करते, पण काम हिचंच चांगलं आहे."

मला रडू आलं, आणि त्याच्यासमोर आलं म्हणून रागही आला. साहेबांनी शर्टाचं टोक पिळत महिन्याची मुदत दिली. पेटी नव्याने भरा म्हणाले, आणि एकमेकांशी बोलून भरा.

जिन्यातच त्याने सुरुवात केली. वाळू तोच ओतणार, माझ्या हाताने आत हवेचे बुडबुडे राहतात. बसथांब्यापर्यंत तो माझ्या चुका मोजत होता. त्यातली एकही मला मान्य नव्हती. बस आली तशी मी मुद्दाम सोडून दिली; त्याची यादी अजून संपली नव्हती.