काकडीची नाडी

सत्याच्या शोधात माणूस फार भटकला आहे. कोणी गुहेत जाऊन बसलं, कोणी समुद्र ओलांडले, कोणी आयुष्यभर मौन धरलं. आमच्या या गोष्टीतल्या साहेबांना मात्र सत्य घरबसल्या मनगटावर सापडलं होतं. फक्त ते एक दिवसाआड चार्जिंगला लावावं लागे.

साहेब विमा कंपनीत दावे तपासणारे अधिकारी होते. समोरचा माणूस प्लॅस्टरातला पाय घेऊन आला, तरी साहेब पायाकडे बघत नसत, कागदांकडे बघत. ‘पुरावा काय?’ हा त्यांचा पहिला प्रश्न आणि ‘नामंजूर’ हे बहुतेक वेळा शेवटचं उत्तर. ऑफिसात त्यांच्या पाठीमागे त्यांना नामंजूरसाहेब म्हणत. कधी कधी पाठ वळायची वाटही बघत नसत.

पन्नाशी आली तशी साहेबांना पळायची हुक्की आली. त्यासाठी त्यांनी दोन घड्याळं आणली, एक स्वतःला, एक बायकोला. पळताना हृदयाचे ठोके किती पडतात ते ही घड्याळं सांगत आणि दोन्हींचे आकडे साहेबांच्या फोनवर येत. बायको शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची, म्हणून आपणही तिला बाईच म्हणू.

घड्याळ आल्यापासून साहेबांनी स्वतःबद्दलसुद्धा परस्पर काही ठरवणं सोडून दिलं. ‘दमलात का?’ असं विचारलं तर मनगट बघून सांगत. एकदा गाडी लावण्यावरून शेजाऱ्याशी कडाक्याचं भांडण चाललं असताना ते “एक मिनिट” म्हणून थांबले, घड्याळ बघितलं, “मला राग आलेला नाही,” असं जाहीर केलं आणि घरी आले. शेजारी त्या धक्क्यातून अजून सावरलेला नाही.

इथपर्यंत कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण गेले काही आठवडे बाई दमत होत्या. जिना चढताना धाप लागे, फळ्यावर लिहिताना हात जड होई. रविवारी सकाळी पळता पळता त्या चढावर थांबल्या आणि एका कुंपणाला टेकल्या.

“अहो, मला बरं वाटत नाहीये. छाती धडधडतेय.”

साहेबांनी फोन काढला. “अठ्ठ्याऐंशी.”

“काय अठ्ठ्याऐंशी?”

“तुझे ठोके. अठ्ठ्याऐंशीला कोणाची छाती धडधडत नाही. माझे बघ, एकशे शहात्तर. मी करतोय तक्रार?”

“पण मला होतंय ना.”

“पुरावा?” साहेबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. मग थोडं मवाळ होत म्हणाले, “तुला नुसतं तसं वाटतंय. चल, चढ संपतच आला.”

बाई चढ न चढता चालत घरी आल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. घरात साहेबांची आत्या होती. आत्यांनी उभा जन्म मुलींना नाच शिकवला होता. त्यांनी बाईंचं मनगट दोन बोटांत धरलं आणि दुसऱ्या हातानं टेबलावर ठेका धरला. ठेका भलताच भराभर पडायला लागला.

“बसल्या जागी ही दुगुन लय?” आत्या म्हणाल्या. “सोन्याला सांगितलंस?”

सोन्या म्हणजे नामंजूरसाहेब.

“सांगितलं. दावा फेटाळला.”

“असं का? मग त्याला पुरावाच देऊ. उद्या तू पळायला जायचं नाहीस. ते घड्याळ काढ इकडे,” म्हणत आत्या उठल्या आणि फ्रीजकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब एकटेच पळून आले आणि घाम पुसत फोन उघडून बसले. बघता बघता त्यांचा चेहरा फुलला.

“बघ! काल म्हणत होतीस बरं नाही. ठोके एकाहत्तर! रात्रभर एकसारखे! इतकी शांत झोप मला वर्षात लागलेली नाही.”

“खरं आहे,” आत्या म्हणाल्या. “रात्रभर फ्रीजमध्ये होती.”

आणि त्यांनी टेबलावर एक काकडी ठेवली. काकडीला पट्टा बांधलेला होता. पट्ट्यावर आकडा लुकलुकत होता. एकाहत्तर!

साहेबांनी काकडी उचलून उलटसुलट करून बघितली. मग, आयुष्यभराची सवय, त्यांनी पुराव्याची बाजू घेतली.

“काकडीत पाणी असतं आत्या. पाणी हलतं.”

“मग तिला उद्या पळायला ने.”

“पण माझे एकशे शहात्तर तरी खरे ना?”

“इथेच पळून दाखव. जागच्या जागी.”

साहेब जेवणाच्या टेबलाशेजारी पळू लागले. आत्यांनी त्यांच्या पावलांबरोबर टेबलावर ठेका धरला. थोड्या वेळानं म्हणाल्या, “आता पावलं बारीक टाक, भराभर.” साहेबांनी टाकली. घड्याळावरचा आकडाही लगोलग वर चढला.

“कळलं? हा तुझ्या हृदयाचा आकडा नाही, तुझ्या बुटांचा आहे. तू पाय आपटतोस, मनगट हादरतं, ते बिचारं हादरे मोजतं.”

“आणि हिचे अठ्ठ्याऐंशी?”

“तिचा पट्टा सैल. ठोके मोजणारा घड्याळाचा दिवा कातडीला धड टेकतच नव्हता. मग ते देतं काहीतरी ठोकून. काकडीचा पट्टा मात्र मी घट्ट आवळलाय हो.”

साहेब पळायचे थांबले. त्यांना आठवलं, घड्याळाच्या खोक्यात एक पुस्तिका होती आणि तिच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात काहीतरी होतं. बारीक अक्षराच्या जोरावर ज्यांनी जन्मभर लोकांना परत पाठवलं, त्यांनी तेवढंच पान वाचलं नव्हतं.

“घड्याळ वाईट नाही रे,” आत्या म्हणाल्या. “अंदाजाला ठीक आहे. पण अंदाज पुढे करून माणसाला खोटं पाडायचं? माझ्या वर्गात मुलगी म्हणाली पाय दुखतोय, की मी ठेक्याची काठी खाली ठेवायचे. काही जणी नाटकं करायच्या, मला का कळत नव्हतं? करू देत. बाकीच्यांचे पाय तर शाबूत राहिले. तू कधी हिला विचारलंस, कुठे दुखतंय, कधीपासून? आकडा विचारलास. तोसुद्धा फोनला.”

साहेबांनी बाईंकडे बघितलं. पहिलीच्या वर्गात चूक करणाऱ्याकडे बघायची एक नजर असते, बाईंनी तेवढी एक टाकली.

त्याच सकाळी तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी आधी विचारलं, “काय होतंय?” मग नाडी धरली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, रक्त तपासायला पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं: अंगात रक्त फार कमी. तेवढ्या रक्तावर भागवायला हृदय बिचारं जिवाच्या आकांतानं धावत होतं.

“वेळेवर आलात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “असंच आणखी पळत राहिल्या असत्या, तर एखाद्या दिवशी रस्त्यातच कोसळल्या असत्या. पळायला लावत कोण होतं?”

साहेबांनी छताचा पंखा नीट तपासला.

नागरिकहो, आपल्यापैकी किती घरांत असा एक नामंजूरसाहेब बसलेला असतो! मनगटावर घड्याळ असो वा नसो. घरातलं माणूस ‘बरं नाही’ म्हणतं आणि आपण थर्मामीटर, रिपोर्ट, आकडा शोधायला धावतो. धावावं, पण आधी त्याच्याकडे बघावं. यंत्राला काही वाटत नसतं. वाटतं ते माणसाला, आणि ते त्याचं त्यालाच ठाऊक असतं.

रात्री साहेब जेवणाच्या टेबलापाशी उभे राहिले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवलं. आपल्याला काय वाटतंय हे आता त्यांचं त्यांनाच ठरवायचं होतं.

“आजपासून,” ते म्हणाले, “या घरात कोणाच्याही दुखण्याला पुरावा मागितला जाणार नाही. उद्यापासून ऑफिसातही मी आधी माणसाकडे बघेन, मग कागदाकडे. मी चुकलो. तुझं ऐकायला हवं होतं.” मग ते बाईंसमोर बसले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच, उत्तराची वाट बघायच्या तयारीनं, त्यांनी विचारलं, “आता सांग. तुला कसं वाटतंय?”

बाईंनी थोडा विचार केला.

“भूक लागलीय,” त्या म्हणाल्या. “ती काकडी द्या इकडे. पट्टा काढून.”