रामीचा वाफा

गोजराबाईनं वाफ्यात पाय रोवला, तसं जगदेवचं पावडं वरच्या वर थांबलं.

"सरक माय. पाय तुटन."

"तुटू दे. एवढा वाफा सोड, बाकी काय उकरायचं ते उकर."

"कांद्याचं रोप सुकून राह्यलं तिकडे. जागा नको का लावाले? अन् हे कायचं गवत, त्याले पानी पाजत बसू?"

"गवत नोहे हे. गवत कोनी ओळीनं पेरत नाई."

पावड्याला चिकटलेली माती जगदेवनं अंगठ्यानं खरवडली आणि मोटेकडे निघून गेला. गोजराबाई मात्र बराच वेळ तशीच उभी राहिली. आपली पाठ वळली की तो परत येईल, असं तिला उगीच वाटत होतं.

वाफा काही मोठा नव्हता. पाटाच्या अगदी शेवटाला, शेवग्याच्या झाडाखाली जेमतेम एका बाईला मांडी घालून बसता येईल एवढी जागा. त्यात गुडघ्यापर्यंत आलेली बारीक काडीची झाडं होती. खालची पानं कोथिंबिरीसारखी कातरलेली, वरची अरुंद आणि शेंड्याला पांढऱ्या फुलांचा चुरा. आता त्या फुलांच्या जागी चपट्या, इवल्याशा शेंगा धरायला लागल्या होत्या. वाशीमच्या बाजारात गोजराबाईच्या पाटीतून कोणती भाजी गेली नव्हती असं नाही. पण हे झाड तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

पेरलं होतं रामीनं. तिच्या सुनेनं.

त्या साली पाऊस मधेच गेला, तो परत आला नाही. दसऱ्यालाच विहिरीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या. त्याच दिवसांत रामीनं कोपऱ्यातली ती जागा खणली, ढेकळं हातानं फोडली आणि बोटानं रेघा ओढून त्यात काहीतरी सोडलं. गोजराबाईनं ते वांगी तोडता तोडता पाहिलं होतं. काय पेरते, असं तिनं विचारलं नाही. सासू-सुनेत तेव्हा कामापुरतंच बोलणं राहिलं होतं. मग गावात मानमोडीचा ताप शिरला. रामी सकाळी पडली ती दिवाळीचा दिवा पाहायला उठलीच नाही. गावात खांदा द्यायला माणसं उरली नव्हती. जगदेव, शेजारच्या मळ्यातला चंपत म्हातारा आणि चंपतची बैलगाडी, एवढ्यांनी तिला पोचवली. दहावं करून गोजराबाई मळ्यात आली, तेव्हा पाटाच्या ओलीवर तो वाफा हिरवा झाला होता.

तेव्हापासून गोजराबाईला एकच ध्यास लागला होता. हे काय आहे, ते कळलं पाहिजे. आणि त्याचं बी हाती आलं पाहिजे. सुनेनं या मातीत शेवटचं टाकलेलं हेच, आणि ते काय होतं हे सासूला सांगता येऊ नये, हे तिला रात्रंदिवस टोचत होतं.

ती येणाऱ्या-जाणाऱ्याला वाफ्यापाशी नेई. एकदा चंपत आणि हौसाबाई दोघं एकदमच सापडले. हौसाबाई गोजराबाईच्या जोडीनं बाजाराला बसणारी. तिच्या कानात पडलेली गोष्ट सांजेपर्यंत पार अनसिंग गावाला पोचायची.

चंपतनं एक पान तोडून चावलं आणि डोळे बारीक केले.

"झोंबते वो! मोहरीच्या घरची दिसते हे पोरगी. पन मोहरी नोहे."

"मी म्हनते बडीशोप असन," हौसाबाई म्हणाली.

"शोपेले वास नसते का? तुह्या नाकात काय मेथी भरली?"

"तुमी त मंगरूळपीरच्या उरसात सारी दुनिया पाह्यली म्हनता ना? मग सांगा नाव!"

"तिथं मी जिलबी पाह्यली. पाला काहून पाहू?"

दोघंही हसले. गोजराबाई हसली नाही. हौसाबाईनं आवाज खाली आणला.

"जगदेवले इचारलं का वं? नवऱ्याले सांगतलं असन तिनं."

"त्याले काय ठाऊक? त्याचं ध्यान बैलाच्या शेपटीवर."

मोटेच्या उतरत्या धावेवर जगदेव बैल मागे सारत होता. त्यानं मान वर केली नाही.

पौष सरला आणि पाणी आणखी खाली गेलं. जगदेवनं त्या वाफ्याकडे जाणारं पाटाचं तोंड चिखलानं बुजवून टाकलं. गोजराबाई विहिरीवरून घागर आणून ओतू लागली. उतरत्या वयात कमरेवर घागर घेऊन मळा ओलांडायचा म्हणजे सोपं नव्हतं. जगदेव पाहायचा, पण तिच्या हातातली घागर त्यानं कधी घेतली नाही. रामीचं लुगडं त्यानं तेराव्यालाच परीटणीला देऊन टाकलं होतं. तिची खुरपी कुठं गेली, तेही कळलं नव्हतं. एका दुपारी भाकर वाढताना गोजराबाईच्या तोंडून निघून गेलं,

"बायकोची आठवन लवकर धुतली रे तू अंगावरून."

जगदेवनं घास ताटलीत ठेवला, हात धुतला आणि उठून गेला. भाकर तशीच राहिली.

फाल्गुनात शेंगा पिवळ्या पडल्या. गोजराबाईला बियाचं शास्त्र कोणी शिकवायला नको होतं. उन्हात कापलं तर शेंगा तडकून बी मातीत जातं. म्हणून ती भल्या पहाटे, झाडांवर दहिवराचा ओलावा असतानाच विळा घेऊन बसली. झाडं मुठीमुठीनं कापली, जुन्या धडप्यावर उलटी ठेवली आणि ऊन चढेपर्यंत वाळू दिली. मग तळहातानं हळूहळू चोळली. सुपात घेऊन भुसा उडवला. खाली उरलं ते लालसर, लांबट, तिळाहून बारीक बी. ओंजळभर असेल.

पिकलं की नाही हे पाहायला माळीण बी दाताखाली धरते. गोजराबाईनं चिमूटभर तोंडात टाकलं. फोडायच्या आत ते जिभेवर घसरलं. थुंकीनं फुगलं, बुळबुळीत झालं, एकमेकांना चिकटलं.

तिचं चावणं थांबलं.

ही चव नव्हती, हा स्पर्श होता. आणि तो जिभेला ओळखीचा होता. जगदेव झाला तेव्हा ती खाटेवर होती. तिची आई सकाळच्या पारी वाटी घेऊन यायची. दूध, गूळ आणि त्यात भिजून फुगलेलं हे बी. 'गिळ, कमरेले ताकद येते, दूध उतरते,' म्हणायची.

अळीव.

वाण्याच्या दुकानातलं बी सगळ्यांनी पाहिलेलं. उभं झाड या मुलखात कोणी पाहिलेलं नव्हतं. बाळंतिणीच्या वाटीपलीकडे अळिवाचं काम तरी कुणाला पडतं?

गोजराबाईनं अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला. आश्विनात पेरलेलं फाल्गुनात निघालं. म्हणजे रामीला ते चैत्रात, नाहीतर वैशाखात लागणार होतं. अंगठा पेरावरून पुढे सरकेना.

मग एकेक गोष्ट आपण होऊन समोर येऊ लागली. भरली घागर कमरेवरून काढून रामी डोक्यावर घ्यायला लागली होती. निंदता निंदता मधेच धुऱ्याच्या बांधावर बसायची. 'कामचोर झाली,' असं गोजराबाई तिला ऐकू जाईल असं म्हणाली होती. त्याच्या आदल्या वर्षी रामीला दिवस गेले, तेव्हा याच गोजराबाईनं दुसऱ्या महिन्यातच मारुतीला नारळ फोडून सगळ्या बाजाराला सांगितलं होतं. महिनाभरात ते गळून गेलं. बायका विचारायला लागल्या, आणि त्या लाजेचा राग गोजराबाईनं सुनेवर काढला. 'रेताड वाफा हाये हा. पानीबी टिकत नाई, अन् बीबी.' पाटी खाली ठेवता ठेवता, हौसाबाईच्या समोर ती हे बोलली होती. रामी तेव्हा मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं एक जुडी सोडून परत बांधली होती.

जगदेव पाणी प्यायला शेवग्याखाली आला. आई अशी का बसली आहे, म्हणून त्यानं पाहिलं. मग सुपात पाहिलं.

त्याला सांगावं की न सांगावं, हे गोजराबाईला ठरवता येईना. माणूस विसरायला लागला आहे, त्याला आता एकाच्या जागी दोन मरणं कशाला द्यायची? पण तोंडातून निघून गेलंच.

"अळीव हाये बापू."

"ठाऊक हाये," जगदेव म्हणाला.

त्यानं तांब्या तोंडाला लावला, पण प्यायला नाही. तसाच खाली ठेवला.

"तुले ठाऊक होतं?"

"मीच आनून देल्लं होतं तिले वान्याकडून. थोडंसंच. म्हने, पेरून पाह्यते. चैतापर्यंत घरचं होईन."

"अन् मले?"

जगदेव कापलेल्या खुंटांकडे पाहत राहिला.

"शपथ घातली होती तिनं. पाचवा लागेपर्यंत मायले सांगू नको म्हने. माय साऱ्या गावाले सांगन." त्यानं तांब्या बाजूला सारला. "तिच्या मांगून काय सांगू? मोडाची का शपथ?"

विहिरीवर कावळा ओरडत होता. गोजराबाईनं पदराचं टोक तोंडाशी नेलं, पण तोंड पुसलं नाही.

"म्हून तू उपटून टाकत होता."

"दिसत होतं ना रोज. फुलं धरली, शेंगा धरल्या." जगदेव वाकला. सुपातलं बी त्यानं बोटांनी एका बाजूला केलं, त्यातली एक काडी वेचून टाकली. "राखेत कालवून ठेवजो. नाई तर किडा लागते."

तो मोटेकडे गेला. गोजराबाईनं बी फडक्यात घेतलं, गाठ मारली आणि चोळीत खोचलं.

एवढ्यात धुऱ्यावरून हौसाबाई येताना दिसली. कापलेला वाफा लांबूनच तिच्या नजरेत भरला होता.

"कापलं का वं शेवटी? निंगालं बी? दाखव बरं, कायचं हाये ते!" तिनं दोन्ही हात पुढे केले.

"कायचं नाई," गोजराबाई म्हणाली. "तनच होतं."

"तन?"

"तन. गवतच. जगदेव म्हने तेच खरं. शेंगा फोल निंगाल्या साऱ्या."

हौसाबाईनं गालाला हात लावला आणि मग तिला हसू आवरेना.

"बापा बापा! विहीर आटली अन् हे बाई तनाले घागरीनं पानी वाह्यत होती! चंपतबुवाले सांगाच लागते आता. बाजारात त लोक मले सोडनार नाई!"

"सांग."

"रागावशील ना वं?"

"नाई रागावत. सांग सगळ्याईले."

हौसाबाई हसतच धुऱ्यानं परत गेली. थोड्या वेळानं पलीकडच्या मळ्यातून चंपतचं खोकत खोकत हसणं ऐकू आलं. मोटेचा करकराट थांबला होता. धावेच्या वरच्या टोकाला जगदेव नाडा हातात धरून उभा होता आणि इकडेच पाहत होता.

गोजराबाईनं सूप उचललं. मान खाली घालून ती पाखडत राहिली. सुपात आता नुसता भुसा होता.