चरातला चुना

माळव्यात धारकडच्या एका बंद खाणीवर कंपनीने माधवरावांना राखणीला पाठवलं, ते काही सन्मान म्हणून नव्हे. बायको विद्युल्लता गेल्यापासून हा माणूस कुठेही जायला तयार असतो, हे साहेबांना ठाऊक होतं.

खाणीच्या खडकात गंधक. पावसाचं पाणी त्यात मुरलं की आंबट, तांबूस होऊन ओघळायचं आणि टेकडीखाली राजाबाईंच्या विहिरीत झिरपायचं. राजाबाई म्हणजे धार संस्थानातल्या एका कारकुनाची विधवा. वय सत्तरीचं, घरात एकट्या. रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन विचारायच्या, "माधवराव, जेवण जाहलं का?" अख्ख्या जगात त्यांना हे विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पण त्या पाण्यात डाळ शिजेना. खातेगावला दिलेली लेक सुमंगला हट्टाला पेटली होती: दिवाळीपर्यंत पाणी सुधारलं नाही, तर आईला घेऊन जाणार. हे ऐकून माधवराव पाण्यावर उपाय शोधू लागले.

देवासला गॅसच्या कारखान्यामागे, कार्बाइडमधून गॅस काढून उरलेल्या चुन्याचे ढीग टाकून दिलेले असत. आंबटावर उतारा चुन्याचा, एवढं माधवरावांना कळत होतं. नाकदुऱ्या काढून त्यांनी उन्हाळ्यात तो गाळ ट्रकने आणवला, खाणीच्या तोंडाशी लांब चर खणून त्यात भरला. सगळं पाणी त्यातूनच पाझरेल अशी सोय केली.

गावकरी हसले. "भिया, पानी को दवाई पिला रिये हो क्या?"

"हो, औषधच समजा," माधवराव म्हणाले. तेवढंच सांगून थांबले, तिथेच चुकलं.

नवरात्रात राजाबाईंची डाळ लोण्यासारखी शिजली. वाटीभर वरण घेऊन त्या कुंपणाशी आल्या. "आता मी कुठे जात नाही हो!" आनंदाच्या भरात माधवरावांना वरणाची चवसुद्धा कळली नाही.

मग ते कंपनीच्या कामाला देवासला गेले आणि धनतेरसला परतले. पाहतात तो त्यांची खोली पांढरीशुभ्र, उंबऱ्याशी गेरूने रेखलेलं मांडणं. राजाबाईंचे हात कोपरापर्यंत चुन्याने भरलेले.

"सुतक पडल्यासारखी दिसत होती खोली! दिवाळीला घर बिनपोताऱ्याचं ठेवू नये. पाणी बरं जाहलं, मग औषध पडून कशाला ठेवायचं? अख्ख्या गावाला सांगितलं, न्या गाड्या भरून."

गावातलं घरन् घर चमकत होतं. चर मात्र खरवडून रिकामा झाला होता, आणि तांबडं पाणी बिनबोभाट खाली चाललं होतं.

माधवरावांना रडू फुटायचंच बाकी होतं. पण रागवायचं कुणावर? विद्युल्लता गेल्यापासून त्यांच्या भिंतींवरून कुणाचा हात फिरला नव्हता. कारखान्यामागचे ढीग संपले होते; नवा चुना उन्हाळ्याआधी मिळणार नव्हता.

भाऊबीज झाल्यावर सुमंगला आली. विहिरीच्या पाण्याची चूळ भरली आणि थुंकली. "आई, पेटी भर."

राजाबाई गोंधळल्या. "नवरात्रात गोड होतं हो! माधवराव, तुमच्या औषधाचा गुण उतरला का?"

"उतरला असेल," माधवराव म्हणाले.

जीपमध्ये बसताना राजाबाईंनी मागे वळून विचारलं, "खोली आवडली ना पण?"

"फार आवडली, राजाबाई."

संध्याकाळी माधवरावांनी त्याच विहिरीच्या पाण्यात खिचडी टाकली. डाळ टणकच राहिली. नेहमीच्या वेळेला ते सवयीने कुंपणापाशी जाऊन उभे राहिले, आणि खालच्या कुलूप लावलेल्या घराकडे बघत म्हणाले, "नाही हो, जेवण व्हायचंय अजून."