हलकी होत गेलेली सवारी

मित्रांनो, मला तीन चाकं आहेत, एक गंजकी साखळी आहे आणि लाल रेक्झिनची फाटकी गादी आहे. क्लातेन गावात माझ्यासारखे अजून बरेच बेचाक, म्हणजे सायकलरिक्षा, आहेत, पण माझ्याइतके जुने थोडेच. माझ्यात सवारी पुढे बसते आणि चालवणारा मागून पायडल मारतो. सवारीला समोरचा रस्ता दिसतो. चालवणाऱ्याला माझं छप्पर दिसतं, आणि छपरावरून थोडंसं आभाळ.

रेल्वे फाटकाजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा केला आणि एका मोडीत निघालेल्या ट्रकचे पाटे कापून गादीखाली स्प्रिंगा बसवल्या. मडगार्डवर डोंगर आणि भातशेत रंगवलं. रंग केव्हाच उडाला. स्प्रिंगा मात्र अजून चांगल्या आहेत. त्यांच्यामुळे मला एकच गोष्ट येते, पण ती पक्की येते. माझ्यावर बसलेलं माणूस कालच्यापेक्षा जड आहे की हलकं, हे मला बसताक्षणी कळतं.

मला पार्मिनने घेतलं. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं आणि माझी पहिली सवारी म्हणजे त्याची बायको वागिनेम. लाजून अर्ध्याच गादीवर बसली होती. इतरांसारखी तीही त्याला कांग, म्हणजे दादा, म्हणायची. पुढे मी खूप कामं केली. शाळेतली मुलं नेली, तांदळाची पोती नेली, एकदा नवरीमुलगी नेली आणि एकदा दोन बकऱ्या नेल्या. ईद जवळ आली की पार्मिन मला साबणाने धुवायचा आणि साखळीला तेल घालायचा. मेरापी ज्वालामुखीची राख पडली त्या वर्षी त्याने स्वतःचा सदरा काढून माझी गादी झाकली होती. इतकी माया कोण करतं?

पण माझं रोजचं काम म्हणजे वागिनेमला बाजारात पोचवणं. ती पालेभाजी विकायची. पालक, नाळीची भाजी, चवळीच्या लांब शेंगा, कोबी, काकड्या. पहाटे जुड्या माझ्यावर चढायच्या आणि त्यांच्यामध्ये ती. गंमत अशी की तिने स्वतः कधी त्यातलं एक पान खाल्लं नाही. पांढरा भात, सोयाबीनचं तळलेलं तेंपे, कोंबडीची कुरकुरीत कातडी, क्रुपुकचे पापड आणि प्लास्टिकच्या पिशवीतला गोड चहा, एवढंच तिचं जेवण.

"शिजलेला पाला तोंडात गेला की गोगलगाय गिळल्यासारखं होतं," ती म्हणायची.

शेजारी जुमिनाहचं भज्यांचं दुकान होतं. ती गिऱ्हाइकांना ओरडून सांगायची, "हिच्याकडची भाजी घ्या, एकदम ताजी! हिने चाखूनसुद्धा बघितलेली नाही!"

सगळे हसायचे. वागिनेमही हसायची. वर्षं गेली आणि माझ्या स्प्रिंगा दरवर्षी थोड्या जास्त दबत गेल्या. रेल्वेच्या पुलावर चढ आहे. तिथे पार्मिन खाली उतरून मला ढकलू लागला. आधी त्याला धाप लागायची. मग बसल्या जागी वागिनेमलाही लागू लागली.

एक दिवस बाजारात तिच्या छातीत दुखलं. पार्मिनने तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या परिचारिका, बू म्हणजे बाई, बू विदार्ती, ओसरीतच रुग्णांची वजनं घ्यायच्या आणि मी पायरीशी उभा असायचो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"हृदयावर ताण आलाय," त्या म्हणाल्या. "वजन उतरवा. नाहीतर पुढच्या वेळी हा दम खाली बसणार नाही."

आम्ही परत निघालो. पुलावर पार्मिन उतरला तेव्हा वागिनेम हळूच म्हणाली, "कांग, मी भात सोडते."

आणि तिने सोडला. आमच्याकडे भात सोडणं म्हणजे काय ते तुम्हाला कसं सांगू? घरातल्या भांड्यात पार्मिनपुरताच भात शिजायचा आणि ती तोंड फिरवून बसायची. बाजारभर चर्चा झाली. पार्मिनला बायकोचा अभिमान वाटायचा. मला मात्र भीती वाटायची, कारण स्प्रिंगा वर येत नव्हत्या. त्या आणखी खाली जात होत्या.

दवाखान्याच्या ओसरीत काटा पुढे सरकलेला बघून तिला रडू आलं.

"काय खाल्लं आज?" बू विदार्तींनी विचारलं.

"काहीच नाही, बू."

"खरंच काही नाही," पार्मिन म्हणाला. "मी साक्षीला आहे. एक शीत नाही."

"शीत राहू द्या. तोंडात काय काय गेलं?"

"सकाळी जुमिनाहकडची दोन भजी. चार असतील. मग वाडगाभर नूडल्स. तळलेली केळी. आणि गोड चहा तर सगळेच पितात."

"आणि हे जेवण नाही?"

"बू, भाताशिवाय कसलं आलंय जेवण?" वागिनेम अगदी भोळेपणाने म्हणाली.

बू विदार्ती हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "पोटाला हे कोण सांगणार? ते सगळंच मोजतं. थोडा भात खा. तळलेलं आणि गोड कमी करा. जो पाला घशाखाली उतरत नाही तो खा असं मी म्हणत नाही. पण तुमच्याच टोपलीत एक तरी गोष्ट असेल जी तुम्हाला चालेल. ती शोधा. आणि रोज थोडं चाला."

मग शोध सुरू झाला. बाजार थंडावला की पार्मिन टोपलीतलं काहीतरी तिच्यापुढे धरायचा आणि जुमिनाह आपली भजी सोडून बघायला यायची.

"उकडलेला पालक. एक घास."

वागिनेमने तोंडात घातला आणि रस्त्यावर थुंकला.

"अगं, स्वतःच्या मालाला घाबरणारी दुकानदारीण पहिल्यांदाच बघतेय मी!" जुमिनाह म्हणाली.

असे बरेच दिवस गेले. शेवटी वैतागून वागिनेमने चवळीची एक कच्चीच शेंग दातांनी तोडली. कट् असा आवाज आला. ती थांबली. पुन्हा चावली.

"कांग, ही तर क्रुपुकसारखी वाजते!"

तिला पाल्याचा राग नव्हता, लिबलिबीतपणाचा होता, हे इतक्या वर्षांनी कळलं. मग कच्ची काकडी चालली. कच्चा कोबी चालला. शेंगदाण्याची तिखट चटणी, सांबाल, बोटभर लावली की वाडगाभर शेंगा कटाकट संपायच्या. पार्मिन सगळं चिरून केळीच्या पानात बांधायचा आणि ती पुरचुंडी माझ्या गादीखालच्या खणात ठेवायचा. साखर कारखान्याच्या फाटकापाशी वागिनेम उतरायची आणि तिथून बाजारापर्यंत चालायची. पार्मिन मला तिच्या बाजूने हळूहळू हाकायचा.

लोक टिंगल करायचे. "कांग पार्मिन, बायकोने भाडं बुडवलं वाटतं? मध्येच उतरवलीत!"

सोपं नव्हतं ते. कधी कधी आठवडाभर चालूनही काटा हलायचा नाही. एकदा ती कारखान्याच्या भिंतीला टेकून खालीच बसली. "सोडा हो. मी अशीच. उचलून न्या मला."

"उचलून? मला अजून जगायचंय," पार्मिन म्हणाला.

ती इतकी हसली की उठून चालायलाच लागली. मित्रांनो, असे ते दिवस होते. स्प्रिंगा वर येत होत्या, पण हळू. तेच बरोबर होतं. ते वजन मला ओळखीचं होतं, चालून आणि चावून कमी झालेलं.

पुढे काय झालं ते नक्की कुठल्या दिवशी सुरू झालं हे मलाही सांगता येणार नाही. एक दिवस पुरचुंडी घरी परत आली. न सोडलेली, जशीच्या तशी. मग दुसऱ्या दिवशीही. वागिनेम म्हणाली, "भूकच लागत नाही आता. जमलं बघा मला." पार्मिनला आनंद झाला. काही दिवसांनी ती कारखान्यापाशी उतरेनाशी झाली. "आज पाय दुखतायत," म्हणायची. उद्याही दुखायचे. ती चालत नव्हती, तरी हलकी होत होती.

मला ते वजन ओळखीचं वाटेना. सकाळी ती बसली की स्प्रिंग जरा दबायची आणि थांबायची, जणू अजून कोणीतरी बसायचं राहिलंय.

पण बाजारात तर कौतुकाची जत्रा भरली होती. बायका तिच्या कमरेला हात लावून बघायच्या. कापडवाली तिला यू, म्हणजे ताई, म्हणायची; ती म्हणाली, "यू वागिनेम, लग्नातला ब्लाउज होईल आता तुला!" जुमिनाहने भज्यांची कढई सोडून विचारलं, "खरं सांग, काय पितेस? मलाही दे." वागिनेमला आयुष्यात पहिल्यांदा कोणी रहस्य विचारत होतं. ती मान ताठ करून म्हणायची, "मन घट्ट करायचं, बस."

मग एक दिवस असा आला की पार्मिन पुलाच्या चढावर न उतरता वर पोचला. वर पोचल्यावर त्याने घंटी वाजवली. "ऐकलंस का, नवरीमुलगी? ढकलावं लागलं नाही!" पुढे वागिनेम वाकून बसली होती. तिने पोटावर हात दाबून धरला होता. पार्मिनला छप्पर दिसत होतं.

दवाखान्यात जाणंही बंद झालं. वजन उतरत होतं, मग जायचं कशाला?

शेवटी बू विदार्तीच एकदा भाजी घ्यायला बाजारात आल्या. शेंगांची जुडी उचलली, समोरच्या बाईकडे बघितलं आणि विचारलं, "आज वागिनेम आल्या नाहीत का?"

"बू, मीच की!"

सगळा बाजार खो खो हसला. बू विदार्ती हसल्या नाहीत. त्यांनी जुडी खाली ठेवली, वागिनेमचा हात धरून तिला उजेडात आणलं आणि तिचे डोळे बघितले. ते पिवळे होते. रोज बघणाऱ्या कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

"क्रुपुक खाता अजून?"

"नाही बू, तोही नाही."

"सोडलाय, की नको वाटतो?"

वागिनेमने पार्मिनकडे बघितलं. हा प्रश्न तिला आजपर्यंत कोणी विचारला नव्हता. तिने स्वतःलाही नसावा विचारला.

"नको वाटतो," ती म्हणाली. "कधीपासूनच."

 जुमिनाहची कढई तशीच तापत राहिली.

मोठ्या शहरातल्या इस्पितळात मी गेलो नाही, तिथे ते बसने गेले. पोटात आत गाठ आहे आणि ती खूप पसरली आहे, एवढं मला शेजारच्यांच्या बोलण्यातून कळलं. परत आल्यावर बस थांब्यावरून घरी मीच तिला आणलं. पार्मिनने तिला दोन्ही हातांनी उचलून गादीवर ठेवलं. माझ्या स्प्रिंगा दबल्याच नाहीत.

पुलाचा चढ आला. पार्मिन खाली उतरला आणि मला ढकलू लागला.

"कांग, आता कशाला उतरलात?" पुढून तिचा आवाज आला. "आता चढतो की तो असाच."

"असू दे. सवय आहे," तो म्हणाला आणि ढकलत राहिला. अगदी हळू. मागून हॉर्न वाजत होते.

भाताची कापणी व्हायच्या आत वागिनेम गेली.

त्यानंतर मी घरामागे पडून राहिलो. साखळी गंजली. गादीत कोंबडीने अंडी घातली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पार्मिन दारात बसून असायचा आणि शेजारणींनी आणून दिलेला भात तसाच निवायचा. तोही बारीक झाला. त्याला मात्र कोणी रहस्य विचारलं नाही.

काल शेजारणी बोलल्या, जुमिनाहही खूप बारीक झालीये. आज सकाळी त्याने कोंबडी उठवली, साखळीला तेल घातलं आणि मला थेट बाजारात नेलं. जुमिनाहच्या दुकानापुढे थांबवलं. जुमिनाहचा चेहरा उतरला होता, गालफडं वर आली होती. तिच्या ओट्यावर कसल्याशा हिरव्या चहाची पाकिटं होती. वजन उतरवणारा चहा, कोणीतरी फिरता विकून गेलेला. आजूबाजूच्या बायका तिचं कौतुक करत होत्या.

"यू जुमिनाह, बसा," पार्मिन म्हणाला.

"कुठे? कढई तापलीये माझी."

"उतरवा. दवाखान्यात जायचंय."

"मला काय धाड भरलीये? उलट बघा किती छान उतरलंय! वागिनेमपेक्षा लवकर!"

 पार्मिनने गादी पुसली आणि तो तिच्या डोळ्यांत बघत उभा राहिला. जुमिनाहने कढई उतरवली, हात पुसले आणि येऊन बसली. माझी स्प्रिंग जरा दबली आणि थांबली.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. मला गंज चढला तर तेल मिळतं, स्प्रिंग मोडली तर दुसरी मिळते. मला तुमच्याकडे माझ्यासाठी काही मागायचं नाही. तुमच्या घरात कोणी वजन उतरवत असेल तर त्याला साथ द्या. त्याच्याबरोबर चाला, त्याला चालेल ती भाजी शोधून द्या, एखाद्या आठवड्यात काटा हलला नाही तर त्याला हसवा. पण कोणी काही न करता झिजू लागलं, आवडीचा घासही बाजूला सारू लागलं, तर टाळ्या वाजवू नका. समोर जाऊन बसा. डोळ्यांत बघा. विचारा. आणि उत्तर काहीही आलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

जुमिनाह अर्धी वाट बडबडत होती. आता ती समोरचा रस्ता बघतेय. माझ्या स्प्रिंगांना जे कळलंय ते पार्मिनलाही मागून कळलं असावं, कारण तो उभा राहून पायडल मारतोय. दवाखाना अजून लांब आहे.