कुलपाचं चित्र

ऋतुजाने आजोबांच्या फोनवरून शेळीचा फोटो स्वतःच्या फोनवर पाठवला आणि तो निम्म्यात अडकला. शिंगं आली, कान आले. बाकीची शेळी यायची होती.

"शेळी हितंच हाय की," सटवा खुंट्याकडे हात करून म्हणाला. "मग फोटू कुनाला धाडती?"

"मलाच."

"तुला दिसंना का ती?"

"तपासतेय, आबा. फोन हलवू नका. दोन्हीकडचे फोन उघडे असले तरच जातो तो."

सटवाने आरतीतलं निरांजन धरावं तसा फोन दोन्ही हातांत धरला. ऋतुजाने डोळे चोळले. दिवसभर पुण्याच्या एका कंपनीचं काम आणि त्यानंतर हे, असा आठवडा गेला होता. डोळ्यांत कुणीतरी वाळू टाकल्यासारखं होत होतं.

'टोळी' हे ॲप तिनंच बनवलं होतं. दिवाळी झाली की शिरूरच्या अलीकडचं हे निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जायचं, आणि मागे म्हातारी माणसं, शाळेची पोरं नि शेळ्या उरायच्या. या दोन निम्म्या गावांनी बोलावं म्हणून तिनं फोनवर एक पार बांधून दिला होता. एकाने बोलायचं, सगळ्यांनी ऐकायचं. तोडीला गेलेल्या पंडितला जुलाब झाले तेव्हा दोन जिल्ह्यांतून उपाय आले होते, आणि ते सगळे केल्यामुळे तो आणखी चार दिवस झोपून होता.

पुढे लोकांना खासगी बोलायची सोय हवीशी झाली. ही मागणी सगळ्यांनी जाहीरपणे केली, आणि प्रत्येकाने ती दुसऱ्यासाठी केली. "माजं काय लपवायचं हाय?" भगवानराव मुकादम म्हणाले. "पन बायामान्सांना बरं." बायका म्हणाल्या, "आमचं काय असतंय बाई! पन मुकादमाला लोकायला शिव्या द्याव्या लागत्यात. त्या ज्याच्या त्याला पोचल्या तर बरं."

ऋतुजाने तेव्हा 'बघू' म्हटलं होतं. आता एका आठवड्यात तिनं ते करायला घेतलं, आणि आताच का, हे कुणी विचारलं नाही.

कारण तसं सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होतं. भगवानरावांनी आपल्या भाच्याचा, गहिनीनाथचा, ट्रॅक्टरला टेकून काढलेला फोटो पारावर टाकला होता. खाली त्यांचाच आवाज: "आष्टीचं स्थळ. धर्मराजच्या ऋतुजासाठी. रईवारी सुपारी फोडायला मान्सं येत्याल." फोटोखाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात तिच्या वडिलांचा, धर्मराजचाही अंगठा होता. लग्न झाल्यापासून तो भगवानरावांच्याच टोळीत होता आणि त्यांना 'नाही' म्हणायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. ऋतुजाने अंगठा दिला नव्हता. ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तिला फक्त आईपर्यंत पोचायचं होतं. पण आई, संगीता, टोळीबरोबर कारखान्यावर होती; संध्याकाळी तिचे हात पिठात असायचे, फोन पिठाच्या डब्यावर आणि आवाज मोकळा. तिला केलेला फोन तोडकऱ्यांच्या झोपड्यांची, कोप्यांची, अख्खी ओळ ऐकायची. म्हणून ऋतुजाने आवाज थेट या फोनवरून त्या फोनवर जाईल, मध्ये कुठंही मुक्कामाला थांबणार नाही, अशी सोय केली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून कुलपाचं चित्र ठेवलं. खासगी आवाज फोन कानाला लावल्यावरच ऐकू येणार होता. मोठ्याने लावायचं बटण तिनं दोन पानं आत, कोपऱ्यात दडवलं. चुकून बोट लागायला नको.

आदल्या दिवशी तिनं आईला फोनवर पढवलं होतं.

"कुलपाचं चित्र दाबायचं. फोन कानाला लावायचा. एकटीनं."

"एकटीनं कावून?"

"ते तसंच हाय."

"कुलूप, कान, एकटीनं," मागून तीन-चार बायकांनी पाठ करून घेतलं. संगीता विसरली तर कुणीतरी सांगायला हवं.

अखेर शेळी शेपटीसकट आली. ऋतुजा घरात गेली, दाराकडे पाठ करून बोलू लागली.

"आई, मला हे स्थळ नको. पोरगा वाईट नसंल, मला काय माहीत. पन मला कुनी इचारलंच न्हाई. अण्णांना सांगू नको, ते मुकादमापुढं नुसतं खाली बघत्याल. तू कायतरी कर."

तिनं बोट उचललं. रेघ सरकली, थांबली. तिकडे कोप्यांत रेंज तुटक; धड मिळायची ती उसाच्या भरल्या ट्रॉलीवर चढल्यावरच. पुन्हा सरकली. शेवटी कानाची खूण उमटली. आईनं ऐकलं होतं.

मग काहीच आलं नाही. ऋतुजाने ज्वारी पाखडायला घेतली. खडे सुपात राहिले आणि ज्वारी खाली सांडली.

अंगणात सटवाचा फोन खणखणला. पारावर संगीताचा आवाज होता, मागे ट्रॅक्टरची धडधड.

"आबा, मी संगीता. तुमची नात म्हंती, हे स्थळ नको. तिचं बोलनं आत्ता समद्या कोप्यांनी ऐकलं. मुकादम बी हितंच च्या पीत हुते, त्यांनी बी ऐकलं. रईवारी मान्सं येऊ देऊ नगा. आनि शेळीला पाला घाला."

ऋतुजाने सूप खाली आपटलं. इतकं पढवून शेवटी हे!

पारावर भगवानरावांनी घसा खाकरला. "बरं. पोरीच्या मनाइरुद्ध कोन करतंय? आमचं आपलं सुचवायचं काम." सगळं गाव ऐकत असताना माणसाला याहून वेगळं काय बोलता येतं?

त्याखाली अंगठे लागू लागले. गहिनीनाथच्या फोटोखाली होते तेच. धर्मराजचा उशिरा आला, पण आला.

"तुजी आई येडी हाय," सटवा पाल्याची पेंढी सोडत म्हणाला. "एकटीला सांगितल्यालं समद्यांला सांगती."

 ऋतुजा स्वतःच्याच फोनवर ते मोठ्या आवाजाचं बटण शोधत होती. कोपरा, मग पहिलं पान, मग दुसरं. बांधलं तिनंच होतं, तरी एकदा वाट चुकली. चुकून बोट लागेल असं ते नव्हतंच.

तेवढ्यात कुलूप उजळलं. तिनं फोन कानाला लावला. वारा होता, आणि वाऱ्याच्या अलीकडे, अगदी ओठ टेकवून बोलल्यासारखा आईचा आवाज.

"ऋतुजे, ट्रॉलीवर बसलेय. कुनी न्हाई. आता एकटीला सांग. दुसरा कोन हाय का?"

ऋतुजा उठली. तिनं दाराला आतून कडी घातली.

तिकडचा फोन उघडाच होता.